काढणी उरकल्यावर: बर्गंडीतल्या एका घरची दिवाळी

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षवेल कधी झोपत नाही. एप्रिलात काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळांसाठी गोडी छाटणी. पानगळ हवी असेल तर औषध मारून किंवा हातानं पानं ओरबाडून ती घडवून आणायची, लगोलग डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या अंकुरांना, पेस्ट लावायची आणि फुटीची वाट बघायची. ऑक्टोबर आला की घरातल्या प्रत्येकाचं लक्ष आभाळाकडे. फ्रान्समध्ये नेमका याच महिन्यात द्राक्षमळा मोकळा होतो. माझी मावसबहीण, ताई, लग्नानंतर बर्गंडीतल्या साव्हिन्यी-ले-बोन या गावात राहते. भावजी तिथल्याच एका घरगुती वाइनरीच्या तळघरात कामाला आहेत. "मावशी, यंदाची दिवाळी माझ्याकडे," हा तिचा हट्ट जुना होता. दादाला छाटणी टाकून येणं शक्य नव्हतं, म्हणून २०२४च्या ऑक्टोबर अखेरीस मी आणि आई दोघीच निघालो.

बर्गंडीला लोक जातात ते उन्हाळ्यात, नाहीतर सप्टेंबरात काढणी बघायला. काढणीत घरातल्या माणसांना जेवायला वेळ नसतो, पाहुण्यांशी बोलणार कोण? तिथलं घर कसं चालतं हे बघायचं असेल तर काढणी उरकल्यावर जावं, असं मी आता कुणालाही सांगेन.

व्हिसाचं फार काही सांगत नाही, एकच महत्त्वाचं. हॉटेलात न उतरता नातेवाइकांच्या घरी राहणार असाल तर यजमानांनी त्यांच्या गावच्या मेरीतून, म्हणजे नगरपालिकेतून, 'आतेस्तासियों दाक्केय' नावाचा कागद काढून तो मूळ स्वरूपात तुम्हाला पाठवावा लागतो. ताईनं तो वेळेत काढला होता. पोस्टाचे दिवस धरून महिना-दीड महिना आधी सुरुवात करा. आणि फराळ नेणार असाल तर भाजणी, मसाले, गूळ न्या. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही बाहेरून युरोपीय संघात न्यायला परवानगी नाही.

शुक्रवार

पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून दिजाँपर्यंत वेगवान गाडीनं दीड तासाच्या आसपास, तिथून साध्या गाडीनं बोन वीस-पंचवीस मिनिटं. अंधार पडला होता, त्यामुळे मळे काही दिसले नाहीत. घरी पोचलो तर ताईनं भोपळ्याचं गरम सूप आणि मुगाची खिचडी शेजारी शेजारी मांडलेली. आईनं दोन्ही खाल्लं आणि ती शेगडीजवळच्या खुर्चीतच झोपली.

शनिवार

बोनचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, शनिवारचा मोठा. जुन्या शहराच्या मध्यावर चौकात मांडलेली दुकानं. शरदातली सगळी पिकं तिथं एका जागी दिसतात: यंदाचे ओलसर अक्रोड, चेस्टनट, कवळ्यात मावतील एवढे तांबडे भोपळे, पांढऱ्या जाड देठाची सेप अळंबी, आणि काळ्या कर्ण्यांच्या आकाराची आणखी एक अळंबी जिच्याकडे आईनं बराच वेळ संशयानं पाहिलं. चीजवाल्याकडे एपवास नावाचं नारिंगी सालीचं चीज होतं. पिकत असताना ते मार द बूर्गोन्य या दारूनं पुसून काढतात. वास असा की आई दोन पावलं मागे सरकली. मी मात्र घेतलं आणि रात्री पावाबरोबर खाल्लं. वासापेक्षा चव कितीतरी सौम्य आणि मलईदार असते. धीर करून खाच.

कुठल्याही दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचं, मग बोलायचं. हे जमलं नाही तर इथले लोक दुखावतात, जमलं तर पुढचं सगळं सोपं होतं. आईनं हा एक शब्द पक्का केला आणि आमच्या मुक्कामात गावातला एकही माणूस त्याशिवाय सोडला नाही.

बाजाराच्या एका बाजूला शेवंतीच्या कुंड्या रचून ठेवल्या होत्या. पिवळी, तांबूस, पांढरी, जांभळट, गच्च फुललेली, घागरीएवढे गोल ताटवे. आईचा चेहरा उजळला. "लक्ष्मीपूजनाला शेवंती मिळाली, आता काही चिंता नाही," म्हणत तिनं दोन कुंड्या उचलल्या. ताई घुटमळली. मग हळूच म्हणाली, "मावशी, घेऊ आपण. पण इथं ही फुलं एक नोव्हेंबरला कबरींवर ठेवायला घेतात. कुणाच्या घरी भेट म्हणून देत नाहीत." आई क्षणभर थांबली. "आपल्या माणसांसाठीच घेतात ना? मग चांगलंच आहे की," म्हणाली आणि कुंड्या पिशवीत ठेवल्या. तुम्ही मात्र फ्रान्समध्ये कुणाकडे जेवायला जाताना शेवंती नेऊ नका.

रविवार

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजता घड्याळं एक तास मागे जातात. तास वाढला, पण संध्याकाळी साडेपाचलाच अंधारून येऊ लागलं. या दिवसांत जाणार असाल तर बाहेरची कामं दुपारी तीनच्या आत आटपा.

सकाळी खोऱ्यात धुकं होतं. गावातून र्वँ नावाची लहान नदी वाहते, तिच्यावरून ते उठत होतं. अकराच्या सुमारास निवळलं तसे आम्ही मळ्यात निघालो. निघताना ताईनं आम्हाला झगझगीत नारिंगी जाकिटं घालायला लावली. रविवारी वरच्या जंगलात रानडुकरांची शिकार चालते. बंदुकीचे बार मधूनमधून ऐकू येत होते. शरदात जंगलाच्या कडेनं फिरायचं तर भडक रंगाचे कपडे हवेतच, आणि शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर सरळ दुसरी वाट धरावी.

मळ्याच्या पहिल्या ओळीशी आई थांबली. बराच वेळ काही बोललीच नाही. डोंगरउतार वरपासून खालपर्यंत पिवळा झाला होता, मध्ये मध्ये तांबूस पट्टे. वाऱ्याची झुळूक आली की पानं सुटून ओळींमधल्या गवतावर पडत होती. आईनं सारा जन्म द्राक्षबागेत काढला, पण वेल आपल्या मनानं पान सोडते हे ती पहिल्यांदा बघत होती. तिनं एक पिवळं पान नुसतं बोट लावून पाहिलं. देठ अलगद सुटलं, काडीवर कोरडी खूण राहिली. "हिला कुणी काही मारलं नाही?" तिनं ताईला विचारलं. "नाही मावशी. आता थंडी पडली की काडी पिकेल, आणि मार्चपर्यंत वेल झोपेल."

मग तिनं बागायतदाराच्या नजरेनं बघायला सुरुवात केली. आमच्याकडे वाय आकाराच्या मांडवावर वेल डोक्याबरोबर असते. इथं खोड गुडघ्याएवढं, वरच्या तारा कमरेच्या वर थोड्याशा. दोन वेलींत मीटरभर अंतर आणि दोन ओळींतही मीटरभरच. हेक्टरी दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आसपास बसतात. काढणीला माणसं दिवसभर वाकूनच काम करणार. "कंबर मोडत असेल गं पोरांची," आई म्हणाली. ओळींवरून ट्रॅक्टर चालतो तोही उंच पायांचा, वेलीच्या दोन्ही बाजूंना चाकं आणि पोटाखालून ओळ जाते.

काढणीनंतर एखाद-दुसरा उशिरा धरलेला लहान घड वेलीवर राहिलेला असतो. ताईनं तसा एक शोधून दिला. पिनो न्वार या इथल्या द्राक्षाचे मणी करवंदाहून लहान, काळेभोर, साल पातळ, आत बिया खच्चून. थॉमसन खाणाऱ्या जिभेला आधी आंबट लागतं, मग सालीचा तुरटपणा, आणि शेवटी मागाहून गोडी. आईनं बिया तळहातावर काढून मोजल्या आणि रुमालात पुसून टाकल्या.

दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्यामागे पंप चालू होता. त्याचा पहिला प्रश्न, "एकरी माल किती निघतो?" भावजींनी सांगितलं की या गावाच्या लाल वाइनसाठी किती उत्पन्न घ्यायचं याला कायद्यानंच वरची मर्यादा आहे. हिशोब करून आम्ही एकरी दोन-अडीच टनांच्या आसपास आलो. दादाला वाटलं, रेंज गेली. त्यानं पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "मग भाव काय असेल ते विचारत नाही."

भावाचं गणित उतारावर मांडलेलं आहे. खालची सपाट, ओलसर जमीन साध्या बर्गंडी वाइनची, जरा वर गावाच्या नावाची, मधल्या कमरपट्ट्यावर त्याहून वरच्या दर्जाची, म्हणजे प्रमिये क्रू, आणि माथ्यावर जंगल. एका बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे वाइनचं नाव बदलतं, किंमतही बदलते. अशा नाव असलेल्या तुकड्यांना इथं क्लिमा म्हणतात. अशा १,२४७ क्लिमांचा हा पट्टा २०१५ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. दगडी बांध आणि मध्येच राहिलेल्या दगडी खोपटांवरून तुकडे ओळखू येतात. ताईच्या मुलानं एका बांधावर चालत, दोन्हीकडे बोटं दाखवून दोन नावं सांगितली. तो आठ वर्षांचा आहे.

उतारावरून गावाकडे पाहिलं तर किल्लेवजा शातोच्या आवारात, गवतावर, लढाऊ विमानं ओळीनं उभी. साव्हिन्यीच्या शातोत जुन्या विमानांचं आणि मोटारसायकलींचं खासगी संग्रहालय आहे. त्यात मिगही आहे हे कळल्यावर आईला एकदम घर आठवलं. आमच्या शेजारच्या ओझरला मिग तयार होत, ती बागेवरून गेली की लहानपणी आम्ही बोट दाखवायचो. पिवळ्या मळ्याच्या मध्ये ती विमानं बघायला मिळतील असं आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

रविवारी दुपारनंतर दुकानं बंद असतात. शनिवारीच सगळं भरून ठेवा.

सोमवार

वसुबारस. ताईच्या घरी गाय नाही, पण पलीकडच्या टेकाडावर पांढऱ्या शारोले गायींचा कळप चरतो. आईनं कुंपणाबाहेरूनच हात जोडले.

दुपारी भावजींनी आम्हाला तळघरात नेलं. जाताना जुने बूट घाला. पायऱ्या ओल्या असतात आणि आत हिवाळा-उन्हाळा गारवा सारखाच. भिंतींवर काळी बुरशी, तिला कुणी पुसत नाही. २२८ लिटरची ओकची पिंपं ओळीनं मांडलेली. सप्टेंबरात आलेली द्राक्षं आंबवून, दाबून, ऑक्टोबरात या पिंपांत भरली गेली होती. आम्ही गेलो तेव्हा तरुण वाइनमध्ये दुसरी क्रिया सुरू होत होती. मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल होतं, त्यानं वाइनचा करकरीत आंबटपणा उतरतो. भावजींनी एका पिंपाचं बूच काढून आईला कान लावायला सांगितलं. आतून बारीक बारीक चटचट आवाज येत होता. आई कितीतरी वेळ तशीच वाकून ऐकत राहिली.

तळघरातलं रोजचं काम तसं दिसायला साधंच. लाकूड वाइन पितं, थोडी हवेत उडते, पिंप उणं होतं. उणं पिंप म्हणजे आत हवा, आणि हवा म्हणजे वाइन बिघडली. म्हणून ठराविक दिवसांनी प्रत्येक पिंप त्याच वाइननं काठोकाठ भरायचं. भावजी चोच असलेलं भांडं घेऊन ओळीनं फिरतात, बूच काढतात, भरतात, कापडानं पुसतात, बूच बसवतात. पुढचं वर्ष-दीड वर्ष हे चालतं. काढणीची धावपळ फोटोत येते, पण वाइन होते ती या पुसण्या-भरण्यानं, असं ते म्हणाले. मला ते पटलं.

वाइनरीच्या मालकीणबाई अंगणात भेटल्या. साठीच्या, पायांत गमबूट, हात रापलेले. आई बागायतदारीण आहे हे कळल्यावर त्यांनी आम्हाला घरामागच्या ओळीत नेलं आणि एक पान तोडून उलटं केलं. पानाच्या शिरांमध्ये करड्या-तपकिरी चौकोनी ठिपक्यांची नक्षी. आई बघताक्षणी म्हणाली, "डावणी." हा द्राक्षवेलीचा बुरशीरोग. मालकीणबाई म्हणाल्या, "मिल्द्यू." दोघी त्या पानाकडे बघत माना हलवत राहिल्या.

२०२४चं साल बर्गंडीला वाईट गेलं. वसंतापासून पाऊस थांबेना, डावणीनं घडच्या घड वाळवले. यांच्या मळ्यात लाल द्राक्ष नेहमीच्या निम्म्यानंही निघालं नव्हतं. मालकीणबाईंनी फवारण्यांचा हिशोब बोटांवर सांगितला, ताईनं तो मराठीत केला, आणि आईनं आमच्याकडच्या फवारण्यांचा तसाच सांगितला. मग बोर्डोचा विषय निघाला. निफाडच्या कुठल्याही शेतकऱ्याला बोर्डो मिश्रण ठाऊक असतं, मोरचूद आणि चुना. ते मुळात याच देशातलं. बोर्दोकडच्या मेदॉक भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोकांनी चोरून खाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडत. त्या वेलींवर डावणी कमी दिसते हे मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेत आलं, आणि १८८५ साली त्यानं हे मिश्रण प्रसिद्ध केलं. आता मातीत तांबं साठतं म्हणून युरोपात त्यावर बंधन आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपर्यंत. पावसाळी सालात तेवढ्यात भागवायचं म्हणजे रोज हवामान बघून काळीज धडधडणार. दादाचं ऑक्टोबरातलं काळीज इथं जूनमध्ये धडधडतं, इतकंच.

निघताना त्यांनी आईला खुंटाबद्दल विचारलं. आमच्याकडे डॉगरिज खुंटावर कलम करतात, तो अमेरिकी. त्यांच्याकडेही सगळ्या वेली अमेरिकी खुंटावरच, कारण एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा या किडीनं फ्रान्सच्या मुळांचा फडशा पाडला. आईला ही कीड ठाऊक नव्हती. ती रात्री जेवताना पुन्हा पुन्हा विचारत होती, "सगळ्या देशाच्या बागा गेल्या? सगळ्या?"

सोमवारी गावातली बेकरी बंद असते, आदल्या दिवशीचा पाव शेकून खाल्ला.

मंगळवार

धनत्रयोदशीला आम्ही बोनचं ओतेल-द्यू पाहिलं, आणि हे अगदी योगायोगानं जुळलं. हे १४४३ साली स्थापन झालेलं गरिबांचं रुग्णालय. बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी शंभर वर्षांच्या युद्धानं नागवलेल्या लोकांसाठी ते बांधलं. १९७१पर्यंत इथं रुग्ण होते. छपराच्या लाल-पिवळ्या-हिरव्या चकचकीत कौलांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मला जास्त भिडली ती आतली गरिबांची लांबच लांब खोली. दोन्ही भिंतींना लाकडी पलंग, लाल पडदे, आणि टोकाला देऊळघर, पडल्या पडल्या प्रार्थना ऐकू यावी म्हणून. औषधांच्या दालनात चिनी मातीच्या बरण्या आणि खल-बत्ते. आईनं पर्समधून हळदी-कुंकवाची पुडी काढली होती, मग परत ठेवली आणि नुसता नमस्कार केला. "धन्वंतरीचंच देऊळ हे," एवढंच म्हणाली.

या रुग्णालयाला शतकानुशतकं लोकांनी द्राक्षमळे दान दिले. आज ते साठेक हेक्टर आहेत. त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९पासून होतो, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, आणि पैसा आजही रुग्णालयासाठी जातो. त्या आठवड्यात बोनमध्ये राहायला जागा मिळत नाही आणि भाडं दुप्पट-तिप्पट होतं. गर्दी नको असेल तर आमच्यासारखं आधी या.

बुधवार

दिवसभर पाऊस. घराबाहेर पडायचं कारणच नव्हतं, आणि मुक्कामातला हा दिवस मला सगळ्यांत आवडला. लाकडाची शेगडी सकाळी पेटली ती रात्रीपर्यंत. लाकूड इथं स्तेर या मापानं विकत घेतात, एक स्तेर म्हणजे एक घनमीटर. दोन वर्षं वाळवलेलं ओक चांगलं. ओलं लाकूड घेतलं की धूर होतो आणि काचेवर काजळी धरते. भाच्याला सुट्टी होती. तो आणि आई शेगडीपुढे बसून अक्रोड फोडत होते, तो तिला फ्रेंच आकडे शिकवत होता, ती त्याला पाढे.

दुपारी शेजारच्या आजी टोपलीभर अळंबी आणि पिवळी, लवदार फळं घेऊन आल्या. फळं म्हणजे क्विन्स. कच्चं खाता येत नाही, पण ओट्यावर ठेवलं की सारं स्वयंपाकघर घमघमतं. ताईनं ती उकडून, गाळून, साखर घालून तास-दीड तास आटवली. रंग पिवळ्याचा गुलाबी, गुलाबीचा विटकरी झाला. मग ताटात थापून शेगडीजवळ वाळत ठेवली. वड्या पाडल्यावर आंब्याच्या साठ्यासारख्याच चिवट आणि आंबटगोड लागल्या. कढईशी आईच होती, कारण ढवळण्यात कुणाचाही हात तिला पसंत नव्हता.

अळंबी घेऊन मात्र ताई आधी औषधाच्या दुकानात गेली. फ्रान्समध्ये फार्मासिस्टला अळंबी ओळखण्याचं शिक्षण असतं. जंगलातून आणलेली टोपली लोक त्यांच्यापुढे ठेवतात आणि ते विषारी वेगळी काढून देतात. त्या दिवशी दोन बाजूला निघाली. आजी साठ वर्षं अळंबी वेचताहेत, तरी दाखवल्याशिवाय खात नाहीत. स्वतः वेचून परस्पर खायचं धाडस कुणीही करू नये.

रात्री उफ आं मरेत, म्हणजे लाल वाइनच्या दाट रश्शात सोडलेली अंडी. रश्शात कांदा, अळंबी आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. आईसाठी ताईनं ते न घालता केला. लसणानं घासलेल्या भाजक्या पावावर ते अंडं घ्यायचं. आईनं वाइनचा रस्सा आहे हे विचारून घेतलं, मग म्हणाली, "शिजलीय ना? मग झालं."

गुरुवार

नरकचतुर्दशी. पहाटे पाचला उठून उटणं. इथं गरम पाण्याची टाकी एकच असते, संपली की तास-दोन तास वाट बघा, त्यामुळे अभ्यंगस्नानाचा क्रम आईनं आदल्या रात्रीच ठरवून दिला होता. बाहेर गवतावर पातळ दहिवर. भाच्यानं कारिटाच्या जागी बागेतलं एक सडकं सफरचंद टाचेखाली फोडलं आणि फार खूश झाला.

दिवसभर चकल्या. भाजणी आमची, तेल सूर्यफुलाचं, तूप तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवलेलं. ते लोणी इतकं चांगलं आहे की तुपाला रवाळ कणी छान धरली. संध्याकाळी शेजारी आपेरोला आले. जेवणाआधी थोडं पेय, थोडं खारं, तासभर गप्पा, ही इथली रोजची रीत. भावजींनी कीर केलं, म्हणजे आलिगोते ही पांढरी वाइन आणि तळाशी काळ्या करंट नावाच्या बारीक फळांचं मद्य. दिजाँचे महापौर आणि धर्मगुरू फेलिक्स कीर पाहुण्यांना हेच देत, म्हणून त्यांचं नाव पडलं. गुजेर नावाचे चीज घातलेले पोकळ गोळे आणि आमच्या चकल्या एकाच थाळीत होत्या. आलिगोतेच्या आंबटपणाला चकलीचा तिखट खुसखुशीतपणा फारच जमतो, हे मी अगदी मनापासून सांगते. पहिल्या थाळीतल्या चकल्या संपल्यावर आजींनी डबा कुठे आहे ते विचारलं.

शुक्रवार

एक नोव्हेंबर. तूसँ, सर्व संतांचा सण, सार्वजनिक सुट्टी. आणि त्याच दिवशी आपलं लक्ष्मीपूजन.

सकाळी शेजारच्या आजी नवऱ्याच्या कबरीवर जायला निघाल्या. हातात पांढऱ्या शेवंतीची कुंडी, जड होती. मी ती धरली आणि आई आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. गावचं कब्रस्तान छोटं, भिंतीपलीकडे लगेच मळा. सगळं गाव तिथं आलेलं. माणसं पाण्याच्या झाऱ्यांनी दगड धूत होती, वाळकी पानं वेचत होती, एकमेकांची चौकशी करत होती, यंदाच्या मालाबद्दल बोलत होती. आजींनी ब्रशनं अक्षरांतलं शेवाळ काढलं. आई न सांगता खाली बसली आणि दगडाची दुसरी बाजू पुसू लागली. माझे वडील जाऊन फार काळ झालेला नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

संध्याकाळी पूजा मांडली. चौरंगाच्या जागी वाइनचं लाकडी खोकं, त्यावर ताईचा शालू, समोर अक्रोड, चेस्टनट, क्विन्सच्या वड्या, लाह्या-बत्ताशांच्या जागी तिथले साखरेचे खडे. दोन्ही बाजूंना शेवंतीच्या कुंड्या. आईनं भावजींची छाटणीची कात्री मागून घेतली आणि हळदीकुंकू लावून लक्ष्मीपुढे ठेवली. मालकीणबाईंना बोलावलं होतं. त्या आल्या, दारात बूट काढले आणि आरती होईपर्यंत उभ्या राहिल्या. शेवंतीबद्दल ताईनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, त्यांच्या घरी ही फुलं नेहमी बाहेरच राहिली, दिव्याच्या उजेडात कधी पाहिली नव्हती. जाताना त्यांनी आपल्या मळ्याची एक बाटली ठेवली, २०१५ची. ते साल फार चांगलं होतं.

शनिवार

पाडव्याला निघायचं होतं, आईला पुढचे काही आठवडे ताईकडेच राहायचं होतं. सकाळी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, दादासाठी पिनोच्या दोन काड्या नेता येतील का. येत नाहीत. रोपं, काड्या, बी, माती, यातलं काहीही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि आयात परवान्याशिवाय भारतात नेता येत नाही, आणि फायलोक्झेराची गोष्ट ऐकल्यावर तिला ते पटलंही. वाइन मात्र माणशी दोन लिटरपर्यंत शुल्काविना आणता येते. बाटल्या चेक-इन सामानात, जाड कपड्यांत गुंडाळून. एपवास आणणार असाल तर घट्ट डबा आणा, सहप्रवाशांचा विचार करा.

कुणी जायचं ठरवत असेल तर सायकल जमते का बघा. बोनपासून सांतनेपर्यंत मळ्यांतून वीस-बावीस किलोमीटरची सायकलवाट आहे, पोमार, व्होलने, मर्सो ही गावं वाटेत लागतात. शरदात ती जवळजवळ रिकामी असते. वाइन चाखायला छोट्या घरगुती वाइनऱ्यांत आधी फोन करून, वेळ ठरवूनच जा. दुपारी बारा ते दोन कुणालाही त्रास देऊ नका, ती जेवणाची वेळ आहे.

आई आता तिथंच आहे. काल फोनवर सांगत होती की मालकीणबाईंनी तिला डिसेंबरात पहिली छाटणी दाखवायचं कबूल केलंय. छाटलेल्या काड्या तिथंच, चाकाच्या लोखंडी पिंपात ओळीतून चालता चालता जाळतात म्हणे. दादानं फोन माझ्याकडून मागून घेतला आणि त्याचे प्रश्न सुरू झाले. एका काडीवर डोळे किती राखतात, कात्री कुठली वापरतात, मजुरी वेलीमागे देतात की दिवसावर. आई म्हणाली, "थांब, लिहून घेते."